विमानाचं केळवण

९ नोव्हेंबर १९५९, सोमवार. अमरावती.

आज पोस्टमास्तर आले होते. काम काही नाही. फाटकाशी उभं राहून मोटारीच्या शेडकडे बघत म्हणाले, "वहिनी, शेषरावांना सांगून ठेवा, विमानात चढताना तोंडात लवंग ठेवायची. चक्कर येत नाही."

पोस्टमास्तर स्वतः टांग्यात बसतानासुद्धा डोळे मिटून घेतात!

गावात एकालाही आमच्या यांना थेट सांगायचा धीर नाही. हे दिवसभर शेडमध्ये, कानावर पेन्सिल, तोंडात खिळे. त्यामुळे सगळे सल्ले माझ्याकडे जमा होतात. उत्तरेला तोंड करून बसा. लोकरीचा मोजा घाला, वरती गारवा फार. पोटभर जेवून चढा, रिकाम्या पोटी पित्त उसळतं. कालपासून मी नुसतं 'हो' म्हणते आहे. तेवढ्याने त्यांचं समाधान होतं आणि चहा वाचतो.

आयुष्यभर यांनी सरकारी पूल बांधले, सरकारी इमारती बांधल्या. निवृत्त झाल्यावर माणसं संत्र्याची झाडं लावतात. यांनी विमान जोडायला घेतलं. एकाच माणसाचं, लाकडाचं आणि कापडाचं. वर्ष झालं, आमची मोटार पावसात उभी आहे.

११ नोव्हेंबर

डाव्या पंखाचं शिवण आज संपलं. कापड पंखाच्या फासळ्यांना मेणाच्या दोऱ्याने शिवायचं असतं, आणि प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एक टाका तुटला तर पुढचे उसवत जाऊ नयेत म्हणून. नकाशात ती गाठ पाहिली आणि हसू आलं. हीच गाठ सिस्टर अॅग्नेसने आम्हाला शाळेत घालायला शिकवली होती, वेदीच्या कापडांसाठी. माझी सैल पडायची. सिस्टर कात्रीने सगळं उसवायची आणि कापड परत हातात द्यायची. त्या वेळी तिचा इतका राग यायचा! आज तिच्यासाठी दोन ओळी प्रार्थना म्हटली. शाळेतली, इंग्रजी. देवघरासमोरच म्हटली.

मग कापडावर रंगासारखं लुकण लावलं. त्याने ते ताशासारखं ताणलं जातं. सगळ्या घराला पिकल्या केळ्यांचा वास. शेजारच्या दुर्गाबाई विचारायला आल्या, "शिकरण केलं का वं?"

१२ नोव्हेंबर

हे लाकूड आमच्याकडे आलं एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात. विलायतेहून बोटीने मुंबई, मुंबईहून रेल्वेने बडनेरा, तिथून बैलगाड्यांवर घरी. यांनी नकाशे पलंगावर पसरले. रात्री आम्ही दोघं सतरंजीवर झोपलो. मी विचारलं, बसायची जागा एकच का? म्हणाले, "आधी मी, मग तू."

मग लढाई लागली. पेट्रोल नाही, परवाना नाही. पुढे आमच्या वसंतचं शिक्षण, कुसुमचं लग्न, यांच्या बदल्या. पेट्या अकोल्याला माझ्या नणंदेच्या, बेबीताईच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पडून राहिल्या. कापड उंदरांनी खाल्लं. लाकूड मात्र तसंच राहिलं, सरळ.

लग्न झालं त्या वर्षी आम्ही मुंबईला होतो. जुहूच्या क्लबात दोघंही शिकलो. हे रोज, मी आठवड्यातून एकदा. एका सकाळी शिक्षक साहेब खाली उतरला आणि मला म्हणाला, आता एकटी जा. गेले. मैदानाला पूर्ण फेरी घालून आले. खाली समुद्राला सुरकुत्या पडलेल्या. मग वसंतची चाहूल लागली, सासूबाईंची तार आली, आणि तिथे ते संपलं. दुःख असं काही झालं नाही. तेव्हा आनंदच इतका होता.

१५ नोव्हेंबर, रविवार

मोर्शीहून पंजाबराव आले. यांचे चुलत भाऊ. लढाईत विमानदलात होते, आता संत्र्याचा बगीचा सांभाळतात. अंगाने यांच्या दीडपट, आवाजाने तिप्पट. बेबीताईही अकोल्याहून आलेली. ती ओसरीवर सुपारी कातरत बसली होती.

पंजाबराव विमानाभोवती फिरले, शेपूट हलवून पाहिलं, मग खुर्चीवर बसले. खुर्ची कुरकुरली.

"भाऊ, पहिल्या दिवशी उडाचंच नाही. नुसतं पयवाचं. जमिनीवर, इकडून तिकडं, तिकडून इकडं."

"ते मला माहीत आहे," हे म्हणाले.

"तुले सगयंच माहीत आहे. आयकून घे. हलकं विमान पयता पयता आपोआपच उचलते. माणूस घाबरते अन् इंजिन कमी करते. तिथंच मरते. उचललंच तं उचलू द्याचं. इंजिन कमी कराचं नाही. नाक खाली ठेवाचं अन् सरय जाचं. अन् इंजिन बंद पडलं तं मागं वयाचं नाही. समोर जे वावर दिसन त्यात उतराचं, कापूस असो का तूर असो. कास्तकाराच्या शिव्या मागून खाता येते."

आजवर ऐकलेल्या सल्ल्यांत एवढा एकच कामाचा. तो त्यांनी जेवताना, पान खाताना आणि टांग्यात पाय ठेवतानाही पुन्हा सांगितला, शब्द न बदलता. मला आता पाठ झाला आहे.

जाताना म्हणाले, "अन् भाऊ, वजन. कागदावर काय लिहून आहे?"

कागदावर आहे दीडशे पौंड. हे एकशे पंच्याऐंशीच्या खाली गेल्या दहा वर्षांत आलेले नाहीत.

"मग ते उचलनच नाही," पंजाबराव म्हणाले. "अकोल्याले शिवणीच्या धावपट्टीवर बैलगाडीसारखं जाईन अन् बैलगाडीसारखं येईन."

बेबीताईचा अडकित्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

१६ नोव्हेंबर

आजपासून यांचा नेम: एक भाकरी, भाजी, ताक. तूप बंद.

२१ नोव्हेंबर

मुंबईचे विमान-इन्स्पेक्टर येऊन गेले. पातळ, अबोल माणूस. प्रत्येक खिळ्याला हात लावला. माझं शिवण भिंग लावून बघितलं आणि विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. त्यांनी मान हलवली. बस्स. पण मला दिवसभर पुरली.

परवानगी मिळाली. अकोल्याजवळ शिवणीच्या धावपट्टीवर चाचण्या, जानेवारीअखेरपर्यंत. त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्ष. आणि पुढचं वर्ष यांच्याजवळ नाही. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, उन्हाळ्यापर्यंत ऑपरेशन. मग भिंगाचा जाड चष्मा, आणि जाड चष्म्याच्या माणसाला उडायला कोण देतं?

म्हणजे हा जानेवारी. हाच.

२९ नोव्हेंबर, रविवार

बेबीताईचा निरोप: दादाला घेऊन या, केळवण करते आहे.

केळवण! लग्न ठरलेल्या मुलाला करतात ते. हे हसले आणि मला घेऊन गेले. रोडगे, वांग्याची भाजी, डाळ. शेणीच्या विस्तवातला रोडगा फोडायचा आणि त्यात तुपाची वाटी ओतायची. बेबीताई पाटाशेजारी बसून ओतत होती.

"बेबी, नेम आहे माझा."

"नेम अमरावतीले. हे अकोला आहे. दादा, तू आकाशात चालला, अन् मी तुले भाकर-ताक देऊ? लोक काय म्हणतीन?"

तीन रोडगे. मी मोजले, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

८ डिसेंबर

हे काय चाललं आहे? बेबीताईने केलं म्हणून दुर्गाबाईंनी केलं. दुर्गाबाईंनी केलं म्हणून पोस्टमास्तरांच्या घरी. मग डॉक्टर, ज्यांनी स्वतः तूप बंद करायला सांगितलं होतं! पुरणपोळी. गोळाभात. पाटवड्यांचा तेलाची तर्री आलेला रस्सा. प्रत्येक घरी यांना कुंकू लावतात, टोपी-उपरणं देतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, आणि वाढणारी म्हणते, "आता केव्हा योग येईल कोण जाणे." वाक्य पूर्ण झाल्यावर तिला कळतं आपण काय बोललो. मग ती घाबरून आणखी एक पोळी वाढते.

घरी परतताना मी टांग्यात पोळ्यांचा हिशेब सांगते. हे खिडकीतल्या माणसासारखे बाहेर बघतात. टांग्याला खिडकीच नसते.

१३ डिसेंबर

इथल्याच एका जिनिंगच्या काट्यावर, कापसाच्या बोजाच्या जागी उभं राहून यांनी वजन केलं. एकशे ब्याण्णव. तोलारी गंभीरपणे म्हणाला, "साहेब, ओला माल दिसते."

१७ डिसेंबर

विमानाचं शेपूट स्टुलावर ठेवलं आहे, म्हणजे जमिनीवर पळताना जसं दिसेल तसं समोरचं दिसतं. हे रोज संध्याकाळी त्यात बसून समोरच्या कौलांकडे टक लावतात. नाकाची रेघ कौलांच्या किती खाली आहे, ते डोळ्यांना पाठ झालं पाहिजे, असं म्हणतात. तासभर! शेजारची मुलं झाडावरून बघतात. कुणीतरी ओरडलं, "आजोबा, पोचले का नागपूरले?"

आज दुपारी हे बँकेत गेले असताना मी गादीचं माप घ्यायला आत बसले. बसण्याची गादी शिवायची आहे. सरकी काढलेला कापूस बेबीताईनेच पाठवला. बसले आणि उजवा हात आपोआप मधल्या दांड्यावर गेला. पाय पेडलांवर. माप घ्यायचं राहून गेलं. कौलांवर कावळा होता, तो उडेपर्यंत बसले होते.

मग उतरले. चुलीवर दूध उतू गेलं होतं.

२५ डिसेंबर

ख्रिसमस. अजूनही आजच्या दिवशी सकाळी कानात शाळेची घंटा वाजते. यांनी आठवणीने केक आणला. अख्खा. आणि अर्धा स्वतः खाल्ला. काय बोलावं?

३ जानेवारी १९६०, रविवार. अकोला.

विमान ट्रकने अकोल्याला आलं. पंख वेगळे, अंग वेगळं, मध्ये कडबा. शिवणीला पत्र्याची एक शेड मिळाली आहे. आम्ही बेबीताईकडे उतरलो आहोत. त्याला इलाजच नाही. धावपट्टी इथे, नणंदेचं घर इथे. पण याचा अर्थ रोज दोन्ही वेळा तिचं वाढणं.

९ जानेवारी

सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, जमिनीवरच्या फेऱ्या सुरू झाल्या. पंजाबराव पंखा फिरवून देतात. इंजिन शिंकतं, मग शिवणयंत्रासारखं चालू लागतं. हे गॉगल लावून बसलेले. मी कडेला. मनात पंजाबरावांचा पाठ म्हणत होते.

गेले, आले. गेले, आले. शेपूट उचललं गेलं, चाकं जमिनीलाच.

१४ जानेवारी. संक्रांत.

तिळगूळ. घरोघर. आणि हुरड्याची निमंत्रणं. मी आता रागावायचंही सोडून दिलं आहे, असं म्हणते आणि परत रागावते.

१९ जानेवारी

आज खरा प्रयत्न. उड्डाणच करायचं असं ठरवून. यांनी रात्री दाढी केली, सकाळी पुन्हा केली. मी नारळ वाढवला, चाकापासून दूर, दगडावर. पूर्ण धावपट्टी, पूर्ण इंजिन. शेवटच्या टोकाला धूळ उडाली आणि विमान वळून परत आलं. बैलगाडीसारखं.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

उतरल्यावर यांनी गॉगल काढला. धुळीत डोळ्यांभोवती दोन स्वच्छ वर्तुळं राहिली होती. म्हणाले, "इंजिन वीस वर्षांचं. मी अठ्ठावन्नचा. दोघांची बेरीज जास्त होते."

त्यांना मी असं बोलताना कधी ऐकलं नाही. यांनी बांधलेला पूल वाहून गेला तेव्हाही नाही.

२० जानेवारी

आज स्वयंपाकघरात सगळं बाहेर आलं.

मी म्हटलं, बेबीताई, निदान आठ दिवस तूप वाढू नका, हात जोडते. ती परातीत कणीक मळत होती. मळणं थांबवलं नाही.

"वहिनी, वजन जास्त झालं तं ते उडतच नाही ना? पंजाबराव बोलले होते ओसरीवर."

"हो. म्हणूनच सांगते आहे."

"म्हणूनच वाढून राहिली ना मी."

मला आधी कळलंच नाही.

"लोकाईलेही मीच सांगितलं. दुर्गाबाईले चिठ्ठी धाडली. म्हटलं, दादाचं केळवण करा, हात राखून वाढू नका. मले एकच भाऊ आहे. त्याले मी नाही म्हणू शकत नाही, त्याच्यासंग भांडू शकत नाही. मले सैपाक येते. मी तो केला."

आणि कणकेवर पाणी शिंपडलं.

किती बोलायचं होतं मला! वीस वर्षं पेट्या तुमच्याच जिनिंगमध्ये होत्या, हा जानेवारी गेला की गेला, डोळे जाणार आहेत त्यांचे. पण कुठल्या तोंडाने बोलणार? कारण खरं सांगायचं तर काल तिसऱ्यांदा विमान जमिनीवरूनच परत आलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे मी फक्त इथे लिहिते आहे.

तिच्यासमोर पाट ओढला आणि पोळ्या लाटायला बसले. दुसरं काय करणार?

२१ जानेवारी

काल दुपारी यांना सांगितलं. गच्चीवर, मी केस वाळवत होते तिथे. वाटलं, भडकतील.

"माहीत होतं," म्हणाले.

"केव्हापासून?"

"पहिल्याच रोडग्याला. बेबी इतकं तूप कुणाला वाढत नाही. नवऱ्यालाही नाही वाढलं कधी."

"मग खाल्लं का?"

खाली जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या.

"ती वाढत होती," हे म्हणाले.

या माणसाबरोबर संसार केला मी. वीस वर्षं एका गोष्टीची वाट बघायची, आणि बहिणीला नाही म्हणवत नाही म्हणून ती ताटावर बसून खाऊन टाकायची! रात्रभर मी चिडले होते. आणि झोपेत यांचा हात माझ्या अंगावर पडला तेव्हा तो बाजूला केला नाही.

२५ जानेवारी

यांनी पाच दिवस लिंबूपाणी घेतलं. बेबीताई वाढायला येत नाही, दारात उभी राहते. काटा एकशे शहाऐंशीच्या खाली यायला तयार नाही. आणखी सहा दिवसांत छत्तीस पौंड जात नसतात, हे इंजिनिअरला कोणी सांगायला नको.

२७ जानेवारी, बुधवार

आज आणखी एक भानगड. पळताना डावं चाक डुगडुगतं. आत बसलेल्याला कळत नाही, बाहेरून बघायला हवं. यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांवर यांनी कधी पूल बांधला नाही. मग आत कोण? पंजाबराव बसले तर विमानाची कंबर मोडेल.

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

"नुसतं पळवायचं," हे घाईघाईने म्हणाले. "अर्ध्या वेगाने. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू तर केलेलं आहेस."

कधी केलं होतं? वसंतच्या आधी!

२८ जानेवारी

संध्याकाळपासून सल्ले. या वेळी सगळे मला! पदर कमरेला आवळून खोच, दांड्यात अडकेल. बांगड्या काढ. केसांना रुमाल. गादीवर आणखी एक गादी घे, तुला नाकापलीकडचं दिसणार नाही. पंजाबरावांनी तर सगळा पाठ पहिल्यापासून म्हटला, उचललंच तं उचलू द्याचं, तुरीच्या वावरासकट. मी म्हटलं, भाऊजी, मी उडायला चाललेली नाही. चाक दाखवायला चालले आहे.

"हौ ना," ते म्हणाले. "मी तं असंच म्हणून राहिलो."

बेबीताईने मात्र माझ्या ताटात एकच पोळी वाढली. कोरडी. माझ्याकडे बघितलंही नाही. मी तूप मागितलं नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

अर्ध्या धावपट्टीवरच उचललं. मी काहीच केलं नव्हतं. हात इंजिन कमी करायला गेला, आणि पंजाबरावांचा आवाज ऐकू आला. हात मागे घेतला. नाक खाली. सरळ. तुरीची वावरं, विहीर, बांधावरची बाई मान वर करून. एक फेरी घातली. उतरताना दोनदा उसळलं.

हे धावत आले. अठ्ठावन्नचे, धावत. वाटलं, बोलतील. दम लागला होता. विचारलं, "डावा पंख जड लागतो का?"

"थोडा," मी म्हटलं.

मग त्यांनी नेहमीचा चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "परवानगी परवापर्यंत आहे. उद्या सकाळी पुन्हा?"

संध्याकाळी बेबीताईने परात पुढे ओढली. "वहिनी, आज तुमचं केळवण. रोडगे घालते."

नको म्हटलं. वजन सांभाळायला हवं.